झिप फाइलचे नाव कोणी ठरवावे?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. एकमेकींशी संबंधित फाइलींचे गट करून प्रत्येक गटाची झिप, म्हणजे त्या फाइली एकत्र आवळून केलेली एकच फाइल, करायची आणि त्या झिपला योग्य नाव आपोआप मिळावे, ही चौघांचीही गरज आहे. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवून या चार पत्रांनाच सगळी जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात शहरातील जुन्या चाळींच्या पुनर्विकासाची कामे चालतात. एकेका इमारतीचे मालमत्ता पत्रक, जुने मंजूर नकाशे, भाडेकरूंची यादी, मोजणीचे कागद आणि छायाचित्रे मिळून वीस ते साठ फाइली होतात व स्कॅन झाल्यावर त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये येऊन पडतात. महिन्याच्या शेवटी प्रत्येक इमारतीची एक झिप करायची असते. हाताने निवडून झिप केली की तिला भलतेच नाव मिळते. गेल्या महिन्यात दोन इमारतींच्या झिपना ‘भाडेकरू यादी’ हे एकच नाव मिळाले आणि पेन ड्राइव्हवर उतरवताना एक दुसरीच्या जागी जाऊन बसली. यावर उपाय काय? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपल्या संगणकात काही बिघाड नाही. अनेक फाइली निवडून उजवे बटण दाबले असता विंडोज त्या झिपला, ज्या फाइलवर बटण दाबले गेले, तिचे नाव देते. मॅकवर अशा झिपचे नाव सरळ ‘आर्काइव्ह’ असे पडते आणि पुढच्या झिपला त्यापुढे दोनचा आकडा लागतो. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम, अनेक फाइली निवडलेल्या असतील तर, त्या ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचे नाव सुचवतो. या तिन्ही रीतींमध्ये एक गोष्ट समान आहे, ती अशी की फाइली कोणत्या कारणाने एकत्र आल्या आहेत हे त्यांपैकी एकीलाही ठाऊक नसते. ते कारण फक्त आपल्याला ठाऊक आहे, आणि जोवर ते प्रत्येक फाइलच्या नावात लिहिलेले नाही तोवर कोणताही प्रोग्रॅम झिपला बरोबर नाव देऊ शकणार नाही. म्हणून काम झिपपासून सुरू करू नये. स्कॅन करतानाच्या नावापासून सुरू करावे.

आपल्या कामात गटाची ओळख म्हणजे इमारत, आणि मुंबईत जमिनीची खात्रीची ओळख म्हणजे तिला भूमापनात मिळालेला क्रमांक, शहर भागात सी. एस. क्रमांक व उपनगरांत सी. टी. एस. क्रमांक. इमारतीचे नाव ओळख म्हणून घेऊ नये, कारण ‘लक्ष्मी निवास’ गिरगावातही असते आणि परळलाही असते. मात्र नुसता क्रमांकही पुरत नाही. सी. एस. क्रमांक भूमापनाच्या त्या त्या विभागापुरता असतो, त्यामुळे गिरगाव विभागात ४१२ असू शकतो तसा माझगाव विभागातही असू शकतो. उपनगरांत हेच काम मौजे, म्हणजे गावाचे नाव, करते. तेव्हा विभाग आणि क्रमांक मिळून ओळख ठरवावी, त्यानंतर कागदाचा प्रकार आणि शेवटी पानाचा अनुक्रम यावा, आणि हे चारही तुकडे अंडरस्कोरने (_) जोडावेत. उदाहरणार्थ, गिरगाव_०४१२_मालमत्तापत्रक_०१.

इथे मुंबईची एक खास अडचण उभी राहते. आपल्याकडे अनेक क्रमांक १/४१२ अशा प्रकारे लिहिले जातात आणि महापालिकेच्या विभागांची (वॉर्डांची) नावेही जी/उत्तर, के/पूर्व अशी तिरक्या रेघेची आहेत. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हे चालत नाहीत. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणा दाखवणारी दोन चिन्हे आणि उभी रेघ ही ती नऊ. नाव हाताने टंकले तर विंडोज लगेच अडवते. पण एक्सेलच्या नोंदवहीतून क्रमांक उचलून स्क्रिप्टने, म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीने, नाव तयार केले तर तिरक्या रेघेचा अर्थ ‘याच्या आतला फोल्डर’ असा लावला जातो आणि ते काम मध्येच अडते. मग पुष्कळ जण ती रेघ सरळ गाळून टाकतात. ते अधिक घातक आहे, कारण १/४१२ मधली रेघ गाळली की १४१२ उरतो आणि तो दुसऱ्याच कोणाच्या जमिनीचा क्रमांक असू शकतो. रेघेच्या जागी नेहमी आडवी रेघ घालावी, म्हणजे १-०४१२ असे नाव होईल आणि वाचणाऱ्याला मूळ क्रमांक ओळखता येईल.

क्रमांकाच्या आधी शून्ये भरून सर्व क्रमांक सारख्या लांबीचे करणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचा मजकूर आणि चित्रे छापखान्याकडे पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. ‘ज्या फाइलींचे नाव कथा१ ने सुरू होते त्या सगळ्या एका झिपमध्ये घाल’ अशी आज्ञा मी लिहिली आणि पहिल्या कथेच्या झिपमध्ये दहाव्या, अकराव्या व बाराव्या कथेची चित्रेही गेली, कारण त्यांचीही नावे कथा१ नेच सुरू होत होती. मुद्रित तपासणाऱ्याच्या लक्षात आले म्हणून ती चूक छापण्याआधी सापडली. नावाच्या सुरुवातीचा समान भाग शोधून त्यालाच गटाचे नाव द्यावे, हा पुष्कळांना सुचणारा मार्ग याच कारणाने मी नाकारतो. गटात एकच फाइल असली तर समान भाग म्हणजे तिचे पूर्ण नावच निघते आणि दोन इमारतींचे क्रमांक जवळचे असले तर त्यांची सरमिसळ होते. समान भागाचा अंदाज बांधण्याऐवजी ठरलेल्या अंडरस्कोरपर्यंतचा तुकडा घ्यावा.

नावे अशी शिस्तीत आली की पुढचे काम थोडे उरते. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल या आज्ञा टंकून चालवण्याच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी तीन आज्ञा पुरतात. गेट-चाइल्डआयटम फोल्डरमधील फाइलींची यादी देते. ग्रुप-ऑब्जेक्ट या आज्ञेला प्रत्येक नावाचे अंडरस्कोरवर तुकडे करून पहिले दोन तुकडे पुन्हा जोडायला सांगावे, म्हणजे त्या जोडावर गट पडतात, आणि प्रत्येक गटासोबत त्याचे नाव व त्यातील फाइलींची संख्या आपोआप हाती येते. ते नाव जसेच्या तसे कॉम्प्रेस-आर्काइव्ह या तिसऱ्या आज्ञेला झिपचे नाव म्हणून द्यावे. आपल्याला हवी असलेली आपोआप नाव पडण्याची सोय ती हीच, आणि त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही. कॉम्प्रेस-आर्काइव्हच्या काही मर्यादा मात्र आधी जाणून घ्याव्यात. ती दोन जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, लपवलेल्या फाइली वगळते, आणि नावात चौकोनी कंस असले तर त्यांचा वेगळाच अर्थ लावते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींच्या नावात असे कंस पुष्कळदा असतात, म्हणून फाइलींचा पत्ता देताना ‘पाथ’ऐवजी ‘लिटरल-पाथ’ हा पर्याय वापरावा.

प्रत्यक्ष झिप करण्याआधी एक रंगीत तालीम अवश्य करावी. तिसरी आज्ञा न चालवता फक्त गटांची नावे आणि प्रत्येकातील फाइलींची संख्या पडद्यावर आणावी व ती यादी शांतपणे वाचावी. ज्या गटात एकच फाइल दिसेल तिथे बहुतेक वेळा टंकताना चूक झालेली असते. ‘गिरगाव’च्या जागी ‘गीरगाव’ असे पडलेले असते आणि ती फाइल आपल्या घरापासून तुटून वेगळी बसलेली असते. ज्या नावांचे चार तुकडे पडत नाहीत अशा फाइली स्क्रिप्टने कोणत्याही गटात ढकलू नयेत, ‘तपासणीसाठी’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. एखाद्या भाडेकरूच्या पावतीची फाइल दुसऱ्या इमारतीच्या झिपमध्ये गेली तर ती हरवल्यासारखीच असते, आणि पुनर्विकासाच्या कामात त्या एका पावतीवर एका कुटुंबाचे घर अवलंबून असू शकते.

तीच स्क्रिप्ट पुढच्या महिन्यात पुन्हा चालवली तर काय होईल, याचाही विचार आधी करावा. त्याच नावाची झिप आधीपासून असेल तर कॉम्प्रेस-आर्काइव्ह चूक दाखवून थांबते, आणि ते सुरक्षित आहे. सेव्हन-झिपची भर घालण्याची आज्ञा मात्र जुन्या झिपमध्येच नव्या फाइली घालते, आणि मधल्या काळात आपण रद्द केलेले कागद त्या झिपमध्ये तसेच राहतात. म्हणून झिपच्या नावाच्या शेवटी दिनांक जोडावा. झिप झाल्यावर सेव्हन-झिपमधील तपासणीची आज्ञा एकदा चालवावी. झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत एक पडताळणी-आकडा साठवलेला असतो आणि आतील मजकूर त्याच्याशी जुळतो की नाही हे ती पाहते.

स्क्रिप्टची भीती वाटत असेल तर प्रत्येक इमारतीचा फोल्डर हाताने तयार करून घ्यावा, सर्व फोल्डर एकदम निवडावेत आणि विनरार या झिप करण्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक निवडलेल्या वस्तूची स्वतंत्र झिप (आर्काइव्ह) करण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे प्रत्येक झिपला तिच्या फोल्डरचे नाव मिळते. पीझिप या मोफत प्रोग्रॅममध्येही हीच सोय आहे. आपल्याकडे महिन्याला पाच-सहा इमारतींचेच काम असेल तर मी हाच मार्ग सुचवीन.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. संस्थेचे ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि सभांची इतिवृत्ते वर्षवार झिप करून ठेवली आहेत. पण ‘ताळेबंद_२०११-१२’ आणि ‘इतिवृत्त_२०११-१२’ या झिप उघडल्यावर एकीत पूर्ण वर्षाचे कागद निघाले आणि दुसरीत एकाच सभेचे. असे का झाले असावे? (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : हा घोटाळा आपल्या आर्थिक वर्षाच्या लेखनातून झाला आहे. २०११-१२ म्हणजे एप्रिल २०११ ते मार्च २०१२ असे हिशेबनीस वाचतो. परंतु वर्ष आधी व महिना नंतर या पद्धतीने वाचणाऱ्या माणसाला, आणि स्क्रिप्टलाही, ते डिसेंबर २०११ असे दिसते. २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतच्या बाराही आर्थिक वर्षांवर ही आपत्ती येते, कारण त्यांचे शेवटचे दोन अंक महिन्याच्या आकड्यांत बसतात. २०१२-१३ पासून ती येत नाही आणि म्हणूनच ती इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या झिपची नावे बदलून आर्थिक वर्ष दोन्ही वर्षे पूर्ण लिहून, म्हणजे २०११-२०१२ असे, नोंदवावे. सभेसारख्या एका दिवसाच्या कागदासाठी वर्ष, महिना आणि दिवस हे तिन्ही द्यावेत.

दिनांकात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस हा क्रम ठेवावा. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालापासून हाच क्रम सांगते आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ असा की नावांची अक्षरानुक्रमे मांडणी केली की ती आपोआप कालानुक्रमेही लागते. दिनांक कोणता द्यावा, याचे उत्तर संस्थेच्या कागदांपुरते स्पष्ट आहे. कागद ज्या काळाचा आहे तोच द्यावा. झिप केल्याचा दिवस हवाच असेल तर तो सर्वात शेवटी वेगळ्या तुकड्यात यावा. विनरारमध्ये नमुन्यावरून नाव तयार करण्याची सोय आहे, पण ती झिप केल्याची वेळ घालते हे लक्षात ठेवावे, अन्यथा १९९५ सालची इतिवृत्ते आजच्या तारखेची वाटतील.

प्रश्न : मी लग्नाची छायाचित्रे काढतो. हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागत समारंभ अशा वेगवेगळ्या झिप करून द्यायच्या असतात. तारखेवरून गट पाडले तर रात्री उशिरापर्यंत चाललेला समारंभ दोन झिपमध्ये तुटतो, आणि झिप करूनही आकार कमी होत नाही. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. जेपेग चित्र मुळातच आवळलेले असते, त्यामुळे झिप त्याला आणखी फारसे आवळू शकत नाही. आपण ‘स्टोअर’ हा, न आवळता नुसते एकत्र ठेवण्याचा, पर्याय निवडून वेळ वाचवावा. झिपच्या मूळ रचनेत चार जीबीची आणि ६५,५३५ फाइलींची मर्यादा होती. ती पुढे झिप-६४ या विस्ताराने उठली, पण एफएटी-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल आजही मावत नाही, म्हणून ग्राहकाला देण्याच्या झिप त्याहून लहानच ठेवाव्यात.

गट पाडताना फाइलचा दिनांक घेऊ नका, कारण एका डिस्कवरून दुसरीवर नेताना किंवा चित्रात दुरुस्ती करताना तो बदलू शकतो. कॅमेरा प्रत्येक चित्रात टिपल्याची वेळ नोंदवतो, ती घ्या. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते आणि तिच्यावरून फाइलींची नावेही बदलता येतात. मध्यरात्रीची अडचण सोडवण्यासाठी त्या वेळेतून सहा तास वजा करून मग दिनांक काढावा, म्हणजे पहाटे दीड वाजताचे चित्र आदल्या दिवसाच्या समारंभातच राहते. मात्र पहाटे सहाच्या आधीचा मुहूर्त असेल तर त्या लग्नापुरता हा आकडा कमी करावा. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची घड्याळे सकाळीच जुळवून घ्यावीत आणि नावात कॅमेऱ्याची खूण घालावी. कॅमेऱ्याचा अनुक्रम चार अंकी असून ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे एकाच नावाची दोन वेगळी चित्रे निर्माण होणे अगदी सहज शक्य आहे आणि एका झिपमध्ये ती आली की एकावर पाणी सोडावे लागते.

प्रश्न : बोलीभाषांच्या ध्वनिमुद्रणांचा आमचा लहानसा संग्रह आहे. फाइलींची नावे मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी अशा शब्दांनी सुरू होतात आणि त्यावरून स्क्रिप्टने झिप केल्या जातात. बाकी सर्व बोलींची एकेक झिप झाली, पण ‘वऱ्हाडी’ नावाच्या दोन झिप एकाच फोल्डरमध्ये तयार झाल्या. एकाच फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाइली कशा राहू शकतात? देवनागरी नावे देणेच सोडून द्यावे का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : देवनागरी नावे सोडून देऊ नका. आपल्या संग्रहाचे नाव आपल्या लिपीत असावे हा आग्रह योग्य आहे आणि आजचे संगणक तो पुरा करू शकतात. झिपमध्ये नाव युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत, लिहिले आहे हे सांगणारी एक खूण असते आणि सेव्हन-झिप देवनागरी नावांसाठी ती स्वतःहून घालते. फार जुन्या प्रोग्रॅममध्ये झिप उघडली तरच अक्षरांची मोडतोड दिसते.

आपल्या दोन झिपचे कारण मराठीच्या एका खास अक्षरात आहे. ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र, म्हणजे ह च्या डाव्या बाजूची ती वळणदार रेघ, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि त्यानंतर हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण पहिल्या प्रकारात ‘वऱ्हाडी’ या शब्दाची सात चिन्हे होतात आणि दुसऱ्यात आठ, म्हणून संगणक त्यांना दोन वेगळी नावे मानतो. कोणता प्रकार पडेल हे कीबोर्डवर अवलंबून असते. दोन कार्यकर्त्यांनी दोन वेगळ्या कीबोर्डांवर नावे टंकली असतील तर असे होणारच. भर म्हणून, टिंबाचा ऱ स्वतःही एकसंध चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा जोडीने लिहिला जाऊ शकतो.

अंकांचेही तसेच आहे. या पानावर अंक देवनागरीत छापले असले तरी फाइलींच्या नावांत सर्वांनी एकाच लिपीचे अंक वापरावेत, आणि स्क्रिप्ट वापरणार असाल तर ते इंग्रजी असावेत. देवनागरी आकड्यांना पॉवरशेल अंक म्हणून ओळखते, पण त्यांची संख्या करायला सांगितली की चूक दाखवते.

लांबीकडेही लक्ष असू द्या. लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-यंत्रांमध्ये नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइटची (बाइट हे संगणकातील साठवणीचे एकक) असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट घेते. म्हणजे हाती ८५ चिन्हे राहतात. ‘वऱ्हाडी’ या एका शब्दालाच २१ बाइट लागतात. बोली, गाव आणि दिनांक एवढे नावात ठेवून निवेदकाचा तपशील झिपमधल्या यादीच्या फाइलमध्ये लिहावा.

दुरुस्ती अशी करावी. गट पाडण्याच्या आधी प्रत्येक नाव स्क्रिप्टमध्ये ‘नॉर्मलाइझ’ या क्रियेतून काढावे, म्हणजे र आणि नुक्ता यांच्या जोडीचा एकसंध ऱ होतो. अदृश्य जोडचिन्हाला ती क्रिया हात लावत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी ओळ लिहून र, हलन्त व जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावा. त्यानंतर दोन्ही झिप दोन स्वतंत्र फोल्डरांत उघडून आतील ध्वनिमुद्रणे मोजावीत, आतल्या फाइलींची नावेही त्याच रीतीने दुरुस्त करावीत, एकाच नावाची दोन मुद्रणे निघाली तर ती ऐकून पाहावीत आणि मगच एक झिप करावी. तोवर जुन्या दोन्ही झिप जपून ठेवाव्यात.